असूनही

आमच्या घरात बांगडी कधी फुटायची नाही, ती वाढायची. बाबांसमोर चुकून कुणी 'फुटली' म्हणालंच, तर ते हातातलं काम थांबवून त्या माणसाकडे नुसते बघत राहायचे, आणि तो माणूस आपणहून शब्द बदलायचा. माझे वडील मेहबूब मणेर बावड्यात बांगड्यांचं दुकान चालवायचे आणि बाजाराच्या दिवशी पेटी घेऊन शेळगावला, इंदापूरला जायचे. दुकान म्हणजे आमच्या घराचीच पुढची खोली. मध्ये एक पडदा होता. पडद्याच्या अलीकडे आईची चूल, पलीकडे बाबांची गादी आणि भिंतीवर टांगलेल्या बांगड्यांच्या माळा. वाऱ्यानं त्या माळा हलल्या की बारीक किणकिण व्हायची, आणि ती इतकी सवयीची झाली होती की पुढं बारामतीला शिकायला गेल्यावर पहिले काही दिवस खोलीत काहीतरी कमी आहे असं वाटत राहायचं.

मी पडद्याला पाठ लावून अभ्यासाला बसायचो. अभ्यास म्हणजे मांडीवर पुस्तक आणि कान पलीकडं. बांगड्या भरायला बसलेल्या बाईचे दोन्ही हात अडकलेले असतात, तिला उठता येत नाही, दुसरं काही करता येत नाही, म्हणून ती बोलते. सासूबद्दल बोलते, दूध कमी देणाऱ्या म्हशीबद्दल बोलते, आणि बोलता बोलता मध्येच असं काही बोलून जाते की जे तिनं घरात कुणाला सांगितलेलं नसतं. बाबा ऐकून घ्यायचे आणि तिची बोटं हळूहळू दाबत म्हणायचे, "हात सैल सोड, लेकी. अंगठा आत घे. झालं बघ." मी ते सगळे आवाज रात्रीच्या जेवणाआधी आईला करून दाखवायचो. आई शेंगोळ्या वळत असायची. हुलग्याचं पीठ, लसूण, मिरची, आणि तिच्या तळव्यांखाली सरसर लांब होणाऱ्या वळकट्या. एकदा मी शेळगावच्या एका म्हातारीची नक्कल केली. तिचं बोळकं तोंड, थरथरती मान, सगळं हुबेहूब. आई हसली नाही. म्हणाली, "तोंड कशाला वाकडं करतोस? तिचं गुडघं दुखत्यात. ते कर." पुढं आयुष्यात मी बऱ्याच जाणत्या लोकांकडून अभिनय शिकलो, पण याच्यापेक्षा जास्त कामाचं कुणी सांगितल्याचं आठवत नाही.

मी 'आई' आणि 'बाबा' लिहितो आहे, कारण आम्ही आई-बाबाच म्हणायचो. आता आता एका मुलीनं माझी मुलाखत घेतली. तासभर मी 'आई' म्हणत होतो आणि छापून आलं 'अम्मी'. मी फोन केला. ती फार गोड आवाजात म्हणाली, "सर, वाचकांना ते जास्त खरं वाटतं." माझ्या आईला मी काय हाक मारायचो, यात माझ्यापेक्षा वाचकांना जास्त कळतं, असं ऐकल्यावर माणसानं काय करावं? आमच्या घरात आजीकडून आलेले दहावीस दखनी शब्द होते, रोजे होते, ईदेच्या शेवया होत्या, आणि या सगळ्याभोवती बावड्याची मराठी होती. बाबा वरातीतल्या नवऱ्यामुलाची थट्टा मराठीत करायचे, आमच्यावर चिडायचे मराठीत आणि तापात बरळायचेसुद्धा मराठीत. ही साधी गोष्ट मला जन्मभर सिद्ध करत बसावी लागली आहे. मला त्याचा अजून राग येतो, आणि वय झालं म्हणून तो कमी झालेला नाही.

बारामतीच्या ज्या कॉलेजात मी शिकलो त्याचं नाव इथं लिहीत नाही. तिथली पुष्कळ माणसं चांगली होती आणि नावानं उगाच सगळ्यांवर शिंतोडे उडतात. दुसऱ्या वर्षाला असताना एकांकिका बसवायला पुण्याहून बोंद्रे सर यायचे. पांढरा झब्बा, खांद्याला शबनम, आणि बोलताना डोळे मिटायची सवय. एकांकिका एका निवृत्त शाळामास्तरांची होती. नोकरी संपली तरी हे कुलकर्णी मास्तर रोज शाळेच्या वेळेला घरातून निघतात आणि बंद वर्गाच्या दाराशी जाऊन बसतात. शेवटी त्यांचं एक मोठं स्वगत होतं. सरांनी पहिल्या दिवशी सगळ्यांकडून तेच वाचून घेतलं. माझी पाळी आली तेव्हा मी मास्तरांच्या शहाणपणाकडं गेलोच नाही. मला दिसत होते ते त्यांचे हात, ज्यांना आता खडू धरायचा नाही. मी वाचत गेलो. संपलं तेव्हा सरांनी डोळे उघडले. म्हणाले, "वा. नाव काय तुझं?"

मी नाव सांगितलं.

"युनूस मणेर," सर माझं नाव जिभेवर घोळवत म्हणाले. "अरे वा. म्हणजे आपल्याला चाचा अगदी अस्सल मिळाला."

चाचा म्हणजे मास्तरांचा शेजारी. डोक्यावर जाळीची टोपी, चौकड्याची लुंगी, डोळ्यांत सुरमा, आणि वाक्यं अशी: "अरे मास्तरसाब, तुमी कायको एवढा टेन्शन लेता हय? अल्ला सब बघतो." प्रत्येक प्रवेशात एकदा येऊन लोकांना हसवायचं, आणि शेवटच्या प्रवेशात मास्तरांसाठी रडायचं. मास्तरांचं काम विकासला मिळालं. विकास माझ्याच वर्गातला. उंच, गोरा, स्वभावानं सरळ. त्याच्याबद्दल माझी तक्रार नव्हती तेव्हा, आणि आजही नाही. मी सरांना एवढंच विचारलं की चाचा असं का बोलतो. ते म्हणाले, "प्रेक्षकाला कळायला नको का?" मी म्हणालो, "काय कळायला?" ते हसले आणि पुढच्या प्रवेशाकडं वळले. मी टोपी घातली. मला रंगमंचावर जायचं होतं, आणि त्या वयात तेवढ्यासाठी मी काहीही घातलं असतं.

कॉलेजच्या गॅदरिंगला एकांकिका झाली, तेव्हा बाबा आले. दुकान बंद ठेवून, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, एसटीनं. मी पहिल्यांदा आत शिरलो आणि तोंड उघडायच्या आधीच टोपी बघून सभागृह हसलं. 'कायको'ला टाळ्या पडल्या. दुसऱ्या रांगेत बाबा बसले होते. ते हसत नव्हते, रागावलेलेही दिसत नव्हते. दुकानात एखादं गिऱ्हाईक दुसरीकडची बांगडी तुमच्याचकडची म्हणून दाखवतं तेव्हा ते जसे बारकाईनं बघायचे, तसे माझ्याकडे बघत होते.

परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून आम्ही स्टँडवर चहा घेतला. बाबांनी एक घोट घेतला. मग म्हणाले, "ते कोण व्हतं?"

"चाचा. मास्तरांचा शेजारी."

"ते कळलं. पर कोण व्हतं? आपल्यात असं कोण बोलतं?"

मी स्टँडवरच्या पाटीकडं बघायला लागलो.

"बावड्यात आपली एवढी घरं हायत. शेळगावात हायत, कन्हेरीला तुझी मावशी हाय. एकजण तरी असं बोलतो का? मग तू ते कुणाचं बघून केलंस?"

"सरांनी लिहून दिलेलं आहे, बाबा."

"सरांनी कुणाचं बघितलं?" त्यांनी कप खाली ठेवला. "लोकं हसली. हसू दे, माझं काय न्हाय. पर माझ्या शेजारी बसलेला माणूस मला म्हणला, तुमचं पोरगं लई भारी बोलतं, अगदी तुमच्यावाणी. मी त्याच्यासंगं तासभर बोलत व्हतो, युनूस. त्यानं मला ऐकलंच न्हाय."

गाडी लागली. ते चढले, खिडकीतून हात केला आणि गेले. मला वाटतं, माझ्यातला राग तिथं स्टँडवर जन्माला आला, आणि तो आधी स्वतःवरच होता. शेळगावच्या म्हातारीचं तोंड वाकडं करू नको म्हणून आईनं मला सांगितलं होतं, आणि मी शंभर माणसांसमोर स्वतःच्या बापाचं तोंड वाकडं करून आलो होतो.

दुसऱ्या दिवशी मी सरांना सांगितलं की चाचा असं बोलणार असेल तर मी करणार नाही. इंदापूरच्या स्पर्धेला तीन आठवडे होते. सर आधी समजुतीनं बोलले, मग चिडले. "अरे, चांगला माणूस दाखवलाय ना तुमचा? रडतो तो मास्तरांसाठी. आणखी काय पाहिजे तुम्हाला?" हे 'तुम्हाला' अनेकवचनी होतं. तोपर्यंत मी त्या खोलीत एकटा होतो. त्या एका शब्दानं माझ्यामागं हजारो माणसं उभी केली आणि मला त्यांचा वकील केलं. मी म्हणालो, "सर, मला नीट बोलणारा माणूस पाहिजे." ते म्हणाले, "मग पडद्याची दोरी धर."

मी दोरी धरली आणि विंगेत बसून वाक्यं सांगायचं कामही घेतलं. सगळी एकांकिका मला पाठ झाली. चाचा करायला दुसरं कुणी मिळेना, तालमीत ती वाक्यं सर स्वतःच वाचायचे. विकासचं गाडं मात्र शेवटच्या स्वगताशी अडायचं. त्याचा आवाज चढायचा, घाम यायचा, आणि तो माझ्याकडे बघायचा. स्पर्धेला पाच दिवस राहिले तेव्हा तो सगळ्यांसमोर सरांना म्हणाला, "सर, मला हे झेपत न्हाय. युनूसला द्या. मी चाचा करतो." किती जणांना जमतं हे? पुढं नावाजलेल्या नटांबरोबर मी कामं केली, पण हातातलं मोठं काम असं सोडून देणारा मला दुसरा भेटला नाही.

सरांनी मला बाजूला घेतलं. काम देतो म्हणाले, पण एक अट आहे. "परीक्षक जुन्या वळणाचे आहेत. मास्तर कुलकर्णी, आणि करणारा मणेर. त्यांचं लक्ष उगाच विचलित होईल. आपण कागदावर यशवंत बावडेकर लिहू. बावडेकर तर तू आहेसच." आणि मी 'हो' म्हणालो. ते लपवायचं असतं तर हे प्रकरण लिहायलाच बसलो नसतो. मी लगेच 'हो' म्हणालो, आनंदानं म्हणालो. मणेर असलो तर चाचा; मास्तर व्हायचं तर मणेर असायचं नाही. हे इतकं उघड होतं, पण भूक लागलेल्या माणसाला ताटातला केस दिसत नाही तसं मला दिसलं नाही. पाच दिवस मी मनातल्या मनात यशवंत म्हणून वावरलो. विकास मला चाचाबद्दल विचारायला आला. मी त्याला म्हणालो, माझ्या वडिलांसारखा बोल, म्हणजे तुझ्या वडिलांसारखाच. सर नसताना आम्ही दोघांनी ती वाक्यं बावड्याच्या बोलीत आणली. चाचाला मी त्याची बोली परत दिली, आणि स्वतःचं नाव मात्र देऊन बसलो होतो.

स्पर्धा दुपारची होती. आमच्यात सुनंदा नावाची कन्हेरीची मुलगी मास्तरांच्या बायकोचं काम करायची, आणि आवाज खणखणीत म्हणून पडदा उघडण्याआधी कलाकारांची नावंही तीच वाचायची. विंगेत तिनं कागद उघडला आणि माझ्याकडे आली. मी धोतर नेसून, मास्तरांची काळी टोपी घालून, मिशा पांढऱ्या करून बसलो होतो.

"यशवंत बावडेकर कोण?" तिनं विचारलं.

"मी."

ती कागदाकडं बघत राहिली. "तुझ्या बाबांनी गेल्या आठवड्यात कन्हेरीला माझ्या बहिणीला चुडा भरला. तुझं सांगत व्हते. आता माझा युनूस काय करतो, बघाय पाहिजे, म्हणाले." मग तिनं कागद माझ्यापुढं धरला. "मला काय, मी हे बी वाचीन. तू सांग, काय वाचू?"

बाबा त्या दिवशी आलेले नव्हते. शेळगावचा बाजार होता. ते आले असते तर नाव ऐकून दुसऱ्या रांगेत बसून मला शोधत राहिले असते, कोण हा यशवंत म्हणून. हा विचार आला आणि माझे कान तापले. मी म्हणालो, "माझं वाच. पुरतं वाच." पलीकडं उभे असलेले बोंद्रे सर धावत आले. हलक्या आवाजात म्हणाले, कागदाप्रमाणं वाचलं नाही तर मी प्रयोग रद्द करायला सांगेन. मला भीती वाटली, हे खरं आहे. पण मी म्हणालो, "करा रद्द, सर. मास्तरांचे कपडे मी काढून ठेवतो." मी खरोखरच टोपी उतरवली. सर माझ्याकडं, मग घड्याळाकडं बघत राहिले, आणि सुनंदा त्यांची वाट न बघता पडद्याबाहेर गेली. "मास्तरांच्या भूमिकेत," तिचा आवाज सभागृहात गेला, "युनूस मेहबूब मणेर, राहणार बावडा." तिच्याही नकळत ते तलाठ्यानं पुकारावं तसं झालं. मग पडदा उघडला.

प्रयोगाबद्दल मी स्वतः काय सांगणार? विकासचा चाचा सरळ बोलला आणि कुणी हसलं नाही. शेवटी तो रडला तेव्हा मात्र पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. माझं स्वगत मी खाली मान घालून, हाताकडं बघत बोललो. अभिनयाचं पहिलं बक्षीस मला मिळालं. आणि ते देताना मुख्य परीक्षक माइकवर जे बोलले ते मला शब्द न् शब्द आठवतं. "मुसलमान असूनही या मुलानं कुलकर्णी मास्तर इतके सहज उभे केले, इतकी शुद्ध मराठी बोलला, याचं मला विशेष कौतुक वाटतं." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून माइकवरच विचारलं, "घरी कोणती भाषा बोलता?"

मी म्हणालो, "सर, भूक लागली की 'आई, वाढ' म्हणतो." लोक हसले, आणि त्या वेळी ते माझ्यावर हसले नव्हते. परीक्षकही हसले. मी हसलो नाही. शाबासकी देता देता त्यांनी मला दारातच उभं केलं होतं, आणि त्यांना ते कळलंसुद्धा नव्हतं. वाईट माणसाशी भांडता येतं. भल्या माणसाच्या 'असूनही'शी कसं भांडायचं, हे मला अजून नीट जमलेलं नाही.

त्यानंतर मी 'नाही' म्हणायला शिकलो आणि त्याची किंमत दिली. कसाई नाही, गुंड नाही, दोन बायकांचा नवरा नाही, सणाला शेवया आणून देणारा प्रेमळ शेजारीसुद्धा नाही. जिथं त्या माणसाला पोट, नोकरी, बायकोशी भांडण, स्वतःचं डोकं असेल तिथं नाव अब्दुल असो की अनंत, मी गेलो. कधी कधी वर्षभर काम नसायचं. गेल्याच महिन्यात एका मालिकेसाठी एका मुलाचा फोन आला: "सर, बापाचा रोल आहे, खूप पॉवरफुल. मुलगा अतिरेकी निघतो." मी विचारलं, बाप काय काम करतो? तो गडबडला, कागद चाळल्याचा आवाज आला. म्हणाला, "तसं काही दिलेलं नाही सर. नमाज पढतो." मी नको म्हणालो. तो वाईट मुलगा नव्हता. कुणीतरी लिहून दिलेलं वाचत होता.

पण मला सांगायची आहे ती स्पर्धेनंतरची सकाळ. मी बावड्याला आलो. आई कधी नाटकाला आली नव्हती, म्हणून मी तिला चुलीपुढं बसून सगळी एकांकिका करून दाखवली; मास्तर मी, चाचा मी, मास्तरांची बायकोही मीच. पडदा सरकवलेला होता. बाबा गादीवर बसून बांगड्यांच्या माळा लावत होते आणि कान इकडं होता. चाचाच्या वाक्यांना त्यांनी माळ खाली ठेवली. संपल्यावर म्हणाले, "आता वळकीचा वाटला," आणि परत कामाला लागले. मग मी 'असूनही'ची गोष्ट सांगितली, तावातावानं सांगितली. आई भाकरी थापत ऐकत होती. तव्यावरची भाकरी उलटून तिनं विचारलं, "ती मास्तरीण काय करती?"

"कोण?"

"मास्तरांची बायको. माणूस रोज उठून बंद शाळंत जाऊन बसतो, आन् ती?"

"ती... पाणी आणून देते. डोळे पुसते. एकदा 'अहो, जेवून घ्या' म्हणते."

"आन्?"

"एवढंच आहे."

"एवढंच कसं? तिच्या घरात चाललंय ते सगळं." आईनं हातावर पुढची भाकरी घेतली. "तुला टोपी घातली म्हणून तू एवढा भांडलास. त्या पोरीला पदर दिला आन् डोळं पुसाय लावलं. तिला कुणी इचारलं का, तुला काय वाटतं म्हणून? तू तरी इचारलंस?"

दोन आठवडे मी विंगेत बसून सगळ्यांची वाक्यं पाठ केली होती. सुनंदाची पाठ करायला मला अर्धं मिनिटही लागलं नव्हतं, आणि ते का, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

सोमवारी कॉलेजात सुनंदा भेटली. मी तिला आई काय म्हणाली ते जसंच्या तसं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, वही छातीशी धरली आणि जिन्यावरून वर जायला लागली. चार पायऱ्या चढून थांबली.

"तुला आता कळलं व्हय," ती म्हणाली, आणि तासाला निघून गेली.